सही झाली, लेख गेला

मी करारनामा बोलतोय. चार पानांचा, बारीक अक्षरांचा. विद्वान मंडळी मला वाचत नाहीत, पण मी त्यांना चांगलाच ओळखून आहे.

माझा जन्म एका संशोधन-मासिकाच्या वकिलाच्या टेबलावर झाला. माझं काम एकच. ज्यानं लेख लिहिला, त्याच्याकडून लेखाचे सगळे हक्क फुकटात काढून प्रकाशकाला द्यायचे. 'असल्या कागदावर शहाणा माणूस सही करेल?' अशी धाकधूक वकिलालाही होती. पहिल्याच आठवड्यात सह्यांचा ढीग आला आणि त्याची भीड चेपली.

माझ्या वाट्याला आल्या नर्सिंग कॉलेजच्या प्राध्यापकबाई. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीला जखमा होतात, त्यावर त्यांनी पाच वर्षं काम केलं होतं. वॉर्डातल्या सिस्टर दर दोन तासांनी रुग्णांना कुशीवर वळवत आणि वहीत नोंद करत. लेखातल्या एका स्वल्पविरामासाठी बाई संपादकाशी तीन दिवस भांडल्या. मला मात्र त्यांनी शेवटच्या पानावरच उघडलं. दोन तासिकांमधल्या सुट्टीत उभ्या उभ्या सही ठोकली आणि "सुटले बाई!" म्हणाल्या.

लेख छापून आला. मग एक दिवस वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आल्या.

"मॅडम, आपला लेख द्या ना. ते मासिक विकत घेणं वॉर्डला परवडत नाही. रुग्ण वळवायला दोन आया वाढवून मागितल्यात. रुग्णालयाचे मोठे साहेब म्हणतात, पुरावा आणा."

बाईंनी मोठ्या तोऱ्यात लेख कॉलेजच्या संकेतस्थळावर लावला. आठ दिवसांत प्रकाशकाचं पत्र आलं: ताबडतोब काढा, प्रतीही वाटू नका. बाई सिस्टरांना घेऊन तरातरा ग्रंथपालांकडे गेल्या.

"अहो, माझा लेख आणि मलाच बंदी?"

ग्रंथपालांनी बाईंच्या फायलीतून मला काढून पुढे सरकवलं. "तुमचा होता, मॅडम. ही सही कुणाची?"

"सगळेच करतात हो! फॉर्मॅलिटी असते ती."

सगळेच करतात! एवढं शिकून हाती आलेलं तत्त्वज्ञान ते हेच. मेंढरंही असंच चालतात, पण निदान नावापुढे डॉक्टर लावत नाहीत.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, संमतीपत्र वाचून न दाखवता रुग्णाचा अंगठा घेतला, म्हणून तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतं. तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही का?"

मग ग्रंथपालांनी मला मोठ्यानं वाचलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच! नवव्या कलमात सवलत होती: लेखिकेला आपला मूळ मसुदा खुला करता येईल, पण दोन वर्षांनी.

"दोन वर्षं? माझे रुग्ण आज खाटेवर पडलेत," सिस्टर म्हणाल्या.

"लेखातले शब्द प्रकाशकाचे झाले. वह्यांतली माहिती नाही," ग्रंथपाल म्हणाले. "नव्यानं लिहा. आणि या वेळी वर स्पष्ट छापा, कुणीही वाचा, वाटा, फक्त आमची नावं तेवढी द्या."

बाई आणि सिस्टर वह्या घेऊन बसल्या. सोप्या भाषेतली पुस्तिका व्हायला तीन महिने लागले. साहेबांनी ती वाचून दोन्ही आया दिल्या. तोवर खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांची जखम हाडापर्यंत गेली होती. त्या उभ्या उभ्या केलेल्या सहीचं ओझं त्यांनी पाठीवर वाहिलं. बाईंनी नाही.

आता मी बाईंच्या खणात पडून असतो. माझी भावंडं रोज कुणा ना कुणा विद्वानाच्या टेबलावर जातात. लोकहो, सही करण्याआधी आम्हाला वाचा, नको ते खोडा, हक्क मागा. आम्ही निर्लज्ज असू, पण लपवाछपवी करत नाही. तुम्हाला कसं लुटणार, ते आम्ही चार पानं भरून आधीच लिहून दिलेलं असतं.