मुखरूच्या गाडीचं रगत

पोस्टकार्ड येऊन पाच आठवडे झाले होते आणि सोमाजी गुरुजींनी उत्तर धाडलं नव्हतं. कार्ड मोहबोडीच्या मनकर्णाबाईचं. जिवती तालुक्यातल्या त्या डोंगरगावात गुरुजींनी अकरा वर्षं नोकरी केली होती आणि प्रौढांच्या वर्गात तिला अक्षरं शिकवली होती. अक्षर अजून तसंच होतं, मोठं, रेघ सोडून वर चढणारं.

‘गुरुजी, सप्रेम जयभीम. मुखरूच्या गाडीतून माह्या दारासमोर रगत गळते. इसरूबाबा म्हनते मी करणी केली. त्या रगतावर माशी बसत नाई. गाडीले रगत रायते काय? लिहून धाडा. लिहिलेलं लोक मानतात.’

गुरुजी आता गडचांदूरला दोन खोल्या आणि तीन कपाटं पुस्तकं घेऊन राहत. त्यांनी चार मसुदे केले. पहिल्यात लिहिलं, ‘नसतं.’ दुसऱ्यात ‘बहुधा नसावं.’ तिसऱ्यात ‘जाणकारांना विचारून कळवतो.’ चौथा फाडला. ज्याला सायकलची चेन बसवता येत नाही, त्यानं गाडीविषयी कोणत्या तोंडानं लिहावं? चुकलो तर लोक हसतील, असं म्हणत त्यांनी कार्ड पुस्तकात खुणेसाठी घालून ठेवलं.

इकडे मोहबोडीत रोज दुपारी जत्रा भरत होती. गाडी पांढरी, सिमेंट कंपनीतल्या कोण्या साहेबाची जुनी, बिनाक्लचची. मुखरू गडचांदूरहून सवाऱ्या आणायचा. तो नुसता बसे आणि गाडी आपल्या मनानं गेअर बदले. जी गाडी आपल्या मनानं गेअर बदलते, तिच्यात कोणीतरी बसलेलं असणारच, हे गावानं आधीच ठरवलं होतं. डोंगराचा चढ संपला की पहिलं घर मनकर्णाबाईचं. तिथं गाडी थांबायची आणि खालून टपटप लाल थेंब पडायचे. बाया पदर तोंडावर घेत. म्हातारे चपला काढत.

आणि इसरूबाबा हात वर करून सुरू होई. “डॉक्टर फेल. इंजिनेर फेल. मोबाइलमंदी पाहा, मोबाइल फेल. हे गाडीचं रगत नोहे बाप्पा, गाडीत शिरलेल्या बाईचं होय. बाई घरात, जीव गाडीत. बुधवारी हिले शिवेपार करा. गुरुवारपासून एक थेंब गळला तं माही दाढी कापा.”

मनकर्णाबाई दारात बसून तूर पाखडत असे. एकटी बाई, नवरा वारलेला, मुलगा नागपूरला कामाला. ती म्हणे, “बुधवारीही इथीच बसून राहीन. याले पाखडायले घेऊन या.”

बुधवारची ही गोष्ट सोमवारी किराणा दुकानात गुरुजींच्या कानावर आली. सामान न घेताच ते घरी गेले आणि पुस्तकातलं कार्ड काढलं. तसेच ते बाबूभाईंच्या गॅरेजात गेले. गॅरेज त्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर होतं.

बाबूभाईंनी कार्ड वाचून घेतलं, हात पुसले आणि एका डब्यात बोट बुडवून पुढे केलं. बोट लालभडक.

“गुरुजी, गाडीले रगत कायचं? बिनाक्लच गाडीचं गेअरचं तेल हे. इंजिनच्या तेलातून वळखू यावं म्हणून कंपनीच लाल रंग टाकते. पिढ्या झाल्या.”

गुरुजींनी वास घेतला. तेलाचा वास. चाळीस पावलं चालायला आपल्याला पाच आठवडे लागले, एवढंच त्यांच्या मनात आलं.

“अन् हे घ्या अजून,” बाबूभाई म्हणाले. “तुमचा तो इसरू पहिले ट्रकवर क्लीनर होता. दर हप्त्याले माह्याकडून हेच तेल नेते. म्हनते, आश्रमाच्या जनरेटरले पाहिजे. मी म्हटलं, जनरेटरले हे चालत नाई. तं हसला.”

बुधवारी सकाळी बाबूभाईंनी मुखरूला गॅरेजात बोलावून घेतलं. तो बोलायला लागला तो थांबेना. रोज पहाटे गाडीला हळदकुंकू लावायचं आणि बाबानं दिलेल्या बाटलीतलं मंतरलेलं तेल गेअरच्या नळीत ओतायचं. बाबाचा शब्द होता, जेवढं रगत वाहिलं तेवढं परत भरा.

“सळई काढून पायत होता काय, किती भरलं?”

“पायत होतो ना. थंड्या गाडीत कमीच दिसे. मंग अजून ओतत होतो.”

बाबूभाईंनी कपाळाला हात लावला. “अरे भल्या माणसा, हे तेल गाडी तापल्यावर, इंजिन चालू ठेवून मोजतेत. तापलं का फुगते. गच्च पोटानं तू तिले डोंगर चढवतं. ते फेसाळते अन् गेअरबॉक्सच्या हवेच्या भोकातून बाहेर येते. खाऊ घालून घालून ओकवलं तू तिले. थांब, जास्तीचं आत्ताच काढून टाकतो.”

“नको,” गुरुजी म्हणाले, आणि आपल्याच आवाजानं दचकले. “आत्ता काढलं तर वर मोहबोडीत थेंब पडणार नाही. बाईला हाकलायची वेळ आली आणि रगत थांबलं, असं बाबा म्हणेल. ते गळू द्या. फक्त रस्त्यावर नको, कुठंतरी दिसेल असं.”

बाबूभाईंनी भंगारातून एका जुन्या गाडीची पाण्याची टाकी काढली, जाड, पांढुरकी, आतलं दिसेल अशी. हवेच्या भोकाला रबरी नळी लावली, नळीचं दुसरं टोक टाकीत सोडलं, टाकी बॉनेटखाली पट्टीनं आवळली. झाकणाला छिद्र पाडलं.

“छिद्र काऊन?” मुखरूनं विचारलं.

“दम कोंडू नाही म्हणून. अन् आयक, हे औषध नोहे. ही पिकदाणी होय. गाडी किती थुंकते ते दिसते, बस.”

“बाबाले सांगू नका मी संगं होतो म्हणून.”

“गाडी तूच चालवशीन ना रे?” बाबूभाई म्हणाले. “का तेही मंतरानं?”

दुपारी चढ चढून गाडी थांबली. माणसं रोजच्या दुप्पट. दहा जण वाकून खाली पाहू लागले. एक थेंब नाही. बाबा डगमगला नाही, तेवढी तयारी त्याची होती. “पाहा, पाहा. जायची वेळ आली तं बाईचं रगत आटलं. उठवा तिले.”

चारपाच गडी मनकर्णाबाईच्या दाराकडे वळले. गुरुजी आणि बाबूभाई गाडीतून उतरले. गुरुजी जाऊन दारासमोर उभे राहिले, एवढंच त्यांना जमलं.

मनकर्णाबाईनं सूप खाली ठेवलं नाही. “गुरुजी, पत्र पोचलं होतं काय?”

“पोचलं होतं.”

“मंग?”

“मी भ्यालो होतो, बाई. मला नक्की माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली.”

हे सगळ्या गावासमोर बोलून झाल्यावर भिण्यासारखं काही उरलंच नाही. ते वळले. “मुखरू, बॉनेट उघड.”

टाकी अर्धी भरली होती, लाल, वर फेस. बाया मागे सरकल्या.

“हेच ते रगत,” बाबा ओरडला. “मास्तरनं कैद केलं. आता मास्तरले भोवते.”

“भोवू द्या,” गुरुजी म्हणाले. “बाई, घमेल्यात पाणी आणा.” त्यांनी टाकीतलं थोडं पाण्यात ओतलं. लाल गोळे पाण्यावर तरंगू लागले, कडेला इंद्रधनुष्यासारखी साय पसरली. “कोंबडी कापता ना तुम्ही? रगत पाण्यात मिसळतं. गोठतं. त्याच्यावर माशी बसते. इथं यातलं एकही होत नाही.”

“माशीचं मी पयल्याच दिवशी म्हटलं होतं,” मनकर्णाबाई म्हणाली. “कोणी आयकलं नाई.”

बाबूभाईंनी गाडीतली बाबाची बाटली आणून त्याच घमेल्यात ओतली. तसेच गोळे, तोच वास. “दोन्ही एकाच डब्यातलं. डबा माह्या दुकानातला. हा बाबा नेते, मुखरू ओतते, गाडी ओकते. बाई घरी तूर पाखडते.”

मुखरू मान खाली घालून म्हणाला, “खरं होय. रोज मीच ओतत होतो.”

मग बाबूभाईंनी इंजिन चालू ठेवून सळई काढली. तेल खुणेच्या चार बोटं वर होतं. पिचकारीनं जास्तीचं काढून टाकलं, टाकी रिकामी केली. मुखरू गाडी डोंगराखाली घेऊन गेला आणि पुन्हा वर आला. तोवर कोणी हललं नाही. टाकी कोरडी होती. रस्ताही कोरडा होता.

“बाबा, अजून बुधवारच आहे,” मनकर्णाबाई म्हणाली. “बाई शिवेच्या आतच अन् गाडी कोरडी. आता दाढी कोण कापते?”

बाबा शिवेकडे सरकत होता. हाकलायला आलेल्यांपैकी लटारू पुढे आला. “चूक झाली बाई. सोडून दे.”

“सोडत नाई. जिवतीच्या ठाण्यात तक्रार देतो मी. जादूटोण्याचा कायदा आहे. मलेच लिहिता येते, लिहून देतो. तू साक्षीची सही कर. अंगठा नको, सही.”

लटारूनं सही केली.

गुरुजी निघाले तेव्हा ती गाडीपर्यंत आली. “तुमचं उत्तर नाई आलं अजून.”

“आता कशाला? सगळ्यांनी पाहिलं की.”

“पाहिलेलं चार दिवसात इसरतात. दुसरा बाबा येईन, दुसरी बाई पायीन. लिहून धाडा.”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पाकीट घेतलं, मग ठेवून दिलं आणि पोस्टकार्ड घेतलं. पोस्टमनपासून चावडीपर्यंत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. या वेळी मसुदा केला नाही.

‘मनकर्णाबाई, सप्रेम जयभीम. गाडीला रक्त नसतं. लाल दिसतं ते गेअरचं तेल. जास्त भरलं आणि गाडी तापली की बाहेर येतं. कुठल्याही बाईच्या मनात काही आल्यानं गाडी, गुरं, लेकरं यांना काही होत नाही. कोणी तसं म्हणाला तर त्याला विचारा, दाखव. दाखवता आलं नाही तर तो खोटा. माझ्यासारख्याला माहीत नसेल तर त्यानं चाळीस पावलं चालून विचारावं, गप्प बसू नये. माशी तुम्ही पाहिली होती. तुमचं बरोबर होतं.’

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, सोमाजी गोविंदा खोब्रागडे, आणि घरचा पत्ता, कोणाला भांडायला यायचं असेल तर सापडावं म्हणून. मग चालत जाऊन कार्ड पेटीत टाकलं.