आप्पा खेरांची नजर

गुरुप्रसाद खेर जिना चढताहेत हे सलिल करंदीकरला वर बसूनच कळायचं. गाडीतळाजवळच्या भाताच्या गिरणीवर त्याची चित्रांची खोली होती. जिना लाकडी, जुना, आणि खेर जड पावलांचे गृहस्थ. नोव्हेंबरपासून ते चारदा येऊन गेले होते आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदलायला सांगून गेले होते. आधी कोटाचा रंग. मग गालावरचा तीळ नको. मग तीळ हवा, कारण मुंबईच्या आत्याचं म्हणणं पडलं की तीळ नसेल तर ते आप्पा कसले. चौथ्या वेळी म्हणाले, "जरा उजळ करा हो. एवढे सावळे नव्हते आमचे आप्पा."

आप्पा खेरांना जाऊन येत्या शुक्रवारी वर्ष होत होतं. पूर्णगडच्या बाजूला त्यांच्या हापूसच्या बागा होत्या आणि मारुती मंदिराजवळ मुलाने, म्हणजे गुरुप्रसादने, नवा बंगला बांधला होता. त्या बंगल्याच्या हॉलमध्ये वर्षश्राद्धाला आप्पांचं तैलचित्र लागायचं होतं.

सलिल चव्वेचाळीस वर्षांचा. मुंबईला चित्रकला शिकून परत आला आणि इथेच राहिला. दोन हजार तीनचा जानेवारी चालू होता, म्हणजे शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस. सकाळी कुठल्यातरी शाळेच्या पडद्यावर राजवाडा रंगवायचा, दुपारी दुसऱ्या शाळेसाठी तोच राजवाडा निळ्याऐवजी गुलाबी, आणि मधल्या वेळात आप्पा. स्वतःसाठी काढायला घेतलेलं भाट्याच्या खाडीचं चित्र दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून उभं होतं. येणारा जाणारा विचारायचा, "एवढे दिवस का लागतात? फोटो दोन मिनिटांत निघतो." सलिल हसायचा. हे हसणंही त्याला आताशा कामासारखंच वाटू लागलं होतं.

आप्पांचे फोटो तीन मिळाले होते. एक लग्नातला ग्रुप फोटो, एक कलमाच्या रोपाशेजारी उभे असलेले, आणि एक पासपोर्टचा. तिन्हींत डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. तरी सलिलची अडचण झाली नाही, कारण त्याने आप्पांना एकदा पाहिलं होतं. कॉलेजच्या फीसाठी मदत मागायला तो एकोणिसाव्या वर्षी त्यांच्याकडे गेला होता. आप्पा ओटीवर खुर्चीत बसले होते. "बोल" म्हणाले नाहीत, "बस" म्हणाले नाहीत. नुसते बघत राहिले. सलिलने आठवडाभर पाठ केलेलं सगळं घशातच राहिलं. काहीतरी पुटपुटून तो परत आला. ती नजर तो पंचवीस वर्षं विसरला नव्हता. डिसेंबरभर त्याने ती कॅनव्हासवर शोधली, पुसली, पुन्हा शोधली. गेल्या आठवड्यात एका सकाळी ती आली.

रविवारी खेर पाचव्यांदा आले तेव्हा सलिलने चित्रावरचं कापड बाजूला केलं. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने खिशातले हात बाहेर काढले आणि तो सरळ उभा राहिला. आपण असं केलं हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"आप्पाच," शेवटी ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "करंदीकर, आता काही म्हणजे काही बदलू नका."

ते गेल्यावर सलिल बराच वेळ चित्रासमोर बसून राहिला. इतक्या वर्षांत असं काम हातून झालं नव्हतं. मुंबईच्या एका वार्षिक प्रदर्शनाची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. श्राद्ध झालं की चित्र तिकडे पाठवायला खेर तयार होते. अकरा वर्षांनी सलिलने तो अर्ज मिळवला आणि सोमवारी संध्याकाळी घरी नेऊन बायकोला, सावनीला, दाखवला. ती बँकेतून नुकतीच आली होती. "आधी जेवा," ती म्हणाली, पण अर्ज तिने दोनदा वाचला.

मंगळवारी दुपारी जिन्यावर हलकी, थांबत थांबत पावलं वाजली. दारात एक वृद्ध बाई उभ्या होत्या. फिकट नऊवारी, हातात कापडी पिशवी, धाप लागलेली.

"करंदीकर मास्तरांचा सलिल ना तू? मी आनंदीबाई खेर. गुरूची आई."

सलिलने घाईघाईने खुर्ची पुसली. "काकू, निरोप धाडायचात. मी आलो असतो घरी."

"घरी नको होतं." त्या बसल्या नाहीत. "दाखव बघू. गुरू दोन दिवस नुसतं चित्राचंच बोलतोय."

सलिलने कापड काढलं. कौतुक ऐकायला मन तयार होऊनच बसलं होतं.

आनंदीबाईंनी पाहिलं आणि पदर खांद्यावरून ओढून घेतला. मग त्या दोन पावलं डावीकडे सरकल्या. थांबल्या. उजवीकडे खिडकीपर्यंत गेल्या.

"हे सगळीकडे बघतायत का रे?"

"हो, काकू!" सलिल उत्साहाने म्हणाला. "बुबुळं बरोबर मध्ये धरली आणि प्रकाशाचा ठिपका नेमका पडला की कुठूनही बघा, नजर तुमच्यावरच. साधत नाही सहज."

"असं होय." त्या आता खुर्चीत बसल्या, पण चित्राकडे पाठ करून. "गुरू ते जेवणाच्या टेबलासमोर लावणाराय. हॉलमध्ये दुसरी एवढी भिंत नाही म्हणतो."

खाली गिरणी चालू झाली आणि फळ्या थरथरू लागल्या. आनंदीबाई आवाज न चढवता बोलत राहिल्या, म्हणून त्याला पुढे वाकावं लागलं.

"वाईट नव्हते हो. कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. नुसते बघायचे. मी दुसऱ्यांदा भात घ्यायला गेल्ये की बघायचे. मी वाडगा खाली ठेवायची. शेजारणीशी बोलत उभी राहिल्ये की खिडकीतून बघायचे. माहेराहून पत्र आलं की ते मी वाचून होईपर्यंत बघत बसायचे. त्रेपन्न वर्षं. गेलं वर्षभर मी पोटभर जेवत्येय, सलिल. वजन वाढलं म्हणून डॉक्टर रागावले मला." त्या किंचित हसल्या. "तेवढे डोळे बदल. दुसरीकडे बघू देत."

"काकू, पण... शुक्रवार तीन दिवसांवर आलाय. रंग सुकत नाही या हवेत. आणि गुरुप्रसादांनी बजावलंय. आणि... चित्र फार चांगलं झालंय, काकू. असं पुन्हा होणार नाही माझ्याकडून."

"चांगलं झालंय म्हणूनच सांगत्ये. वाईट झालं असतं तर जिना कशाला चढल्ये असते?"

"गुरुप्रसादांनाच सांगा ना. ते तुमचं ऐकतील."

"काय सांगू? तुझ्या बापाची भीती वाटते? श्राद्धाच्या तोंडावर?" त्या उठल्या. "बघ तुला जमलं तर. आणि मी आल्ये होते हे त्याला कळू देऊ नकोस."

जिना उतरायला त्यांना चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. सलिल हात द्यायला खाली गेला तेव्हा त्यांनी नको म्हणून मान हलवली.

त्याला राग आला होता. आप्पांचा, बाईंचा, गुरुप्रसादचा, कुणाचा ते ठरवता येत नव्हतं. आयुष्यात एकदा काम साधलं तर त्यावरही कुणीतरी येऊन हक्क सांगणार. घरी त्याने सावनीला सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "माझं काम चित्र काढायचं. त्यांच्या घरात काय झालं ते मी कसं निस्तरू?"

सावनी मटार सोलत होती. "मग नका बदलू."

"तुला काय वाटतं ते सांग ना."

"मी सांगितलं म्हणून बदललंत, तर जन्मभर मला ऐकवाल. तुमचं तुम्ही ठरवा."

बुधवारी सकाळी एका शाळेचा शिपाई पडद्यासाठी येऊन बसला. सलिलने त्याला उद्या ये म्हणून परत पाठवलं आणि दार लावून घेतलं. चित्रासमोर तो उभा राहिला, उजवीकडे गेला, डावीकडे गेला. आप्पा बघत होते. हे आपण केलं या विचाराने आजही त्याच्या अंगावर काटा आला. त्याने ब्रश घेतला आणि खाली ठेवला. चहा पिऊन आला. पुन्हा घेतला. बाईंचं खोटं कशावरून नसेल? म्हातारपणी माणसं काहीही धरून बसतात. मग त्याला त्यांची चित्राकडे केलेली पाठ आठवली. आणि ओटीवर आपण उभे होतो ते. आपण उभे होतो पाच मिनिटं, आणि पंचवीस वर्षं ते विसरलो नाही.

अकराच्या सुमारास त्याने टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली. वरचा रंग धरला होता, खालचा अजून मऊ होता. पहिल्यांदा उजवा डोळा पुसला. पुसताना त्याच्या तोंडातून आवाज निघाला, दुखल्यावर निघतो तसा. त्यानंतर मात्र त्याने हात थांबू दिला नाही. बुबुळं बाजूला नेली, वरच्या पापण्या किंचित उतरवल्या, ठिपके मंद केले. तीन वाजेपर्यंत खुर्चीत एक म्हातारा गृहस्थ बसला होता, खिडकीबाहेर कुठेतरी बघत, चारचौघांसारखा.

गुरुवारी संध्याकाळी गुरुप्रसाद टेम्पो घेऊन चित्र न्यायला आले. त्यांनी एकदा पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"हे काय केलंत?"

"नजर फार कडक वाटत होती. घरात लावायचं चित्र. मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं? मी काय सांगून गेलो होतो? काही बदलू नका म्हणालो होतो की नाही?" त्यांचा चेहरा लाल झाला. "रविवारी आप्पा इथे होते, करंदीकर. मी पाहिले. एका वर्षाने पाहिले. कुठे घालवलेत?"

या माणसाला खरंच बाप दिसला होता आणि तो खरंच पुन्हा गेला होता, हे सलिलने कालपासून लक्षातच घेतलं नव्हतं.

"पूर्वीसारखं करा. रात्रभर बसा."

"होणार नाही. रंग उभा राहणार नाही आता. सगळं चिखल होईल."

खेर खिडकीपाशी गेले, परत आले. मग एकदम थांबले. "आई आली होती का इथे?"

"नाही."

"मंगळवारी ती दुपारी घरात नव्हती. देवळात गेले होते म्हणाली."

"मला माहीत नाही. इथे कुणी आलं नाही."

गुरुप्रसाद बोलायचे थांबले आणि सलिलकडे बघत राहिले. तेच डोळे. तीच न हलणारी, वाट बघणारी नजर. त्यांना स्वतःला ते ठाऊक नसावं. खरं सांगून टाकावं, म्हणजे हे संपेल, असं सलिलच्या अगदी ओठांपर्यंत आलं. खाली कुणीतरी पोतं आपटलं. तो हलला नाही. नजर खालीही घेतली नाही.

"माझी मर्जी होती," तो म्हणाला. "चित्र माझं आहे. मला ते असं बरोबर वाटलं."

खेरांनी श्वास सोडला. "ठीक आहे. उद्या पाहुणे येणार, भिंत मोकळी ठेवता येत नाही म्हणून नेतोय. पुन्हा माझ्या दारात येऊ नका. आणि आमच्या शाळेच्या पडद्याचं कामही विसरा. शाळेच्या संस्थेवर मी आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. हार चित्राला टेकवू नका. ओलं आहे अजून."

ते ऐकायला खेर थांबले नाहीत.

श्राद्धाला सलिलला बोलावणं आलं नाही. सावनीच्या बँकेतली एक जण गेली होती. ती म्हणाली, सगळ्यांना चित्र आवडलं, आप्पा किती शांत दिसतात असं जो तो म्हणत होता, फक्त गुरुप्रसाद त्या भिंतीकडे बघत नव्हते. प्रदर्शनाचा अर्ज सलिलने पाठवला नाही. खेरांच्या संस्थेच्या शाळेचा पडदा पुढच्या वर्षी कोल्हापूरहून छापून आला, त्यावर खराखुरा राजवाडा होता. तो ऐकवील असं सावनीला वाटलं होतं, पण त्याने ऐकवलं नाही.

मे महिन्यात एकदा त्याने नवा कॅनव्हास ताणला आणि ते डोळे स्वतःसाठी पुन्हा काढायला बसला. ओटी आठवली, खुर्ची आठवली, नजर येईना. तीन वेळा प्रयत्न केला. एकदा तर अगदी जवळ आलं, आणि जवळ आलं तेव्हा ते आप्पांचे नव्हते, गुरुप्रसादचे होते. त्याने कॅनव्हास खरवडला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. आजही वाटतं.

बाजारात एकदा आनंदीबाई दिसल्या, तुळसा नावाच्या त्यांच्या कामवालीबरोबर. फणस निवडत होत्या, विक्रेत्याशी मोठ्याने हुज्जत घालत होत्या. सलिल दिसला तेव्हा त्यांनी मान हलवली. आभार मानले नाहीत; बाजारात मानायचे तरी कसे. "कापा आहे म्हणतोय हा," त्या म्हणाल्या, "मला बरका वाटतोय, गिळगिळीत गऱ्यांचा. तुला काय वाटतं?" सलिलने फणसावर टिचकी मारून पाहिली आणि आपल्याला कळत नाही असं कबूल केलं.

पावसाळा संपता संपता आंजर्ल्याहून एक शिक्षक आला. बायको वारली होती. पासपोर्टचा फोटो त्याने पाकिटातून काढून टेबलावर ठेवला. "जरा हसरी करा," तो म्हणाला.

सलिलने फोटो उजेडात धरला. "करतो. कुठे लावणार आहात?"

"म्हणजे?"

"घरात कुठे? आणि समोर कोण बसतं?"

शिक्षकाला प्रश्न समजायला वेळ लागला. मग तो खुर्ची ओढून बसला आणि घराचं सांगू लागला.