झोपेतलं अस्वल

अकरा वर्षांपूर्वी सालेकशाजवळच्या जंगलात मोहफुलं वेचताना अस्वलाने शामकलाचा खांदा फाडला होता. पळाली म्हणूनच ते मागे लागलं, असं वनरक्षक म्हणाला. जखम भरली. स्वप्न मात्र दर मोहाच्या हंगामात येऊ लागलं: अस्वल मागे, पाय धानाच्या बांधीतल्या चिखलात रुतलेले, आणि ती तोंडावर पडलेली.

यंदा तिची मुलगी भूमिका सुट्टीत घरी आली. ती गोंदियाच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. चहा पिताना तिने विचारलं, "माय, अजून येते का तुले ते सपन?"

"येते ना. परवाच आलं."

"आमच्या सरांनी सांगतलं, लाखो वर्षांआधी मानूस जंगलात राहे. ज्याले झोपेत धोका घडी घडी दिसे, तो जागेपनी सावध राहे न वाचे. म्हून मेंदू झोपेत तालीम करून घेते म्हने. सगळे नाई मानत, पन काही शास्त्रज्ञ मानतेत."

शामकलाने कप खाली ठेवला. "तालीम? मी त दरखेपी पडूनच राहिली. पडाची तालीम कायले पायजे?"



त्याच आठवड्यात एका सकाळी शामकला आणि शेजारची रुक्माबाई मोहाखाली वाकून फुलं वेचत होत्या. वीसेक पावलांवर, वारुळामागून अस्वल उभं राहिलं. रुक्माबाई पळायला वळली. शामकलाने तिचं मनगट धरलं. शामकलाचेही पाय स्वप्नातल्या चिखलात रुतल्यासारखे जड झाले होते. पण ते सगळं तिच्या ओळखीचं होतं. इतक्यांदा घाबरून झालं होतं की आता घाबरतानाही विचार करता येत होता.

"पळू नोको. माह्यासंगं मागं मागं चाल."

टोपल्या तिथेच सोडून, पाठ न दाखवता दोघी सरकत गेल्या. अस्वल आलं, टोपली हुंगली आणि फुलं खात बसलं.

घरी भूमिकाने विचारलं, "मंग, सपनाचा उपेग झाला का?"

"मले का मालूम? पळू नोको म्हून फारेस्टच्या गार्डनंही सांगतलं होतं. पन आयकनं येगळं न पाय थांबनं येगळं."

आठ दिवसांनी रुक्माबाई आली. जागरणाने तिचे डोळे सुजले होते. "बाई, आता मलेच अस्वल दिसून राहिलं सपनात. काही देवाधर्माचं करू का?"

शामकलाने तिला बसायला पाट सरकवला.

"कर. पन येऊ दे त्याले," ती म्हणाली.