नावाखालची जागा

राजापेठेतल्या दुकानात किसनराव भडकले. "माया बापानं जन्मभर लोकायचे उतरलेले कपडे घातले. माया पोरीले लॅपटॉप नवाच पायजे!"

नीलमनं मात्र दुरुस्त करून विकायला ठेवलेला जुना लॅपटॉप हातातून सोडला नाही. त्याच पैशात येणाऱ्या नव्यापेक्षा तो कितीतरी चांगला चालत होता.

"बाबा, ज्या पुस्तकावर तुमी तलाठ्याची परीक्षा पास झाले, ते तरी कुठं नवं होतं?" ती हळूच म्हणाली. "पहिल्या पानावर कोण्या सुमेधचं नाव आहे, खाली तुमचं. त्याचं कावून नाही खोडलं?"

किसनरावांचा पारा उतरला. "त्यानं केलेल्या खुणा पाहूनच तं मी अभ्यास केला ना, बाई."

मग त्यांनी लॅपटॉप उलटा करून पाहिला. खाली मार्करनं लिहिलं होतं, 'ऋतुजा'. दुकानदार ते पुसायला स्पिरिटचा बोळा घेऊन आला, तसा किसनरावांनी त्याचा हात धरला.

"राहू द्या ते, भाऊ. मार्कर द्या."

तो त्यांनी नीलमच्या हातात ठेवला. "तिच्याखाली तुयं नाव टाक. पन बारीक अक्षरात टाक, पोरी. खाली आणखी एखादीले जागा रायली पायजे."