दार उघडण्याआधी

नारळाच्या सोडणाने श्रीपतने बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरचे शेवाळ घासून काढले, डोळा पाण्याच्या रेषेशी येईल इतका वाकला आणि पातळी वाचली. रात्रीतून पाणी दोन बोटे उतरले होते. मे महिना, बंधाऱ्यात उरलेले सगळे पाणी तुळिंजच्या इमारतींसाठी राखलेले. खाली कोरड्या पात्रातून त्याची धाकटी बहीण शकू धुण्याचे बोचके घेऊन वळणाआडच्या डबक्याकडे गेली. गावात हळद होती. विधवा शकूला तिकडे बोलावणे नव्हते.

बंधाऱ्याचे दार उघडायचे असले की श्रीपत टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारी. पात्रात धुणे धुणाऱ्या बाया काठावर चढल्या, की मगच दाराचे चाक फिरवी.

सात-आठ जण पहारी घेऊन बंधाऱ्यावर आले. पुढे शकूचा मुलगा कल्पेश.

"मामा, बाजूला हो. केळी करपली आमची, आनि पानी फ्लॅटवाल्यांच्या संडासात जातंय."

चाकाचे कुलूप एका घावात तुटले. श्रीपत रुळाकडे धावला.

"पोलिसांना बोलावतो हा," मागून कोणीतरी म्हणाले. रूळ वाजला की पोलीस येतात, अशी आवई गावात उठली होती.

"अरे, खाली बाया..."

"सगळ्या हळदीला गेल्यात. फसवतोस कोनाला?"

"तुझ्या आयेला हळदीला कोन..."

श्रीपतचे बोलणे पुरे व्हायच्या आत कल्पेशची पहार त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज श्रीपतने ऐकला. दुसऱ्या कोणाची लाथ तोंडावर आली. दात आणि रक्त एकदमच बाहेर पडले. दार वर गेले आणि पाणी गर्जत सुटले. डाव्या हाताने त्याने रुळावर हातोडा घातला. त्या गर्जनेत तो ठोका त्याचा त्यालाही ऐकू आला नाही.

शकू रस्त्याखालच्या मोरीत अडकलेली सापडली. मुठीत कल्पेशचा सदरा होता.

इस्पितळात पोलिसांनी विचारले, तेव्हा श्रीपतने तोंडावरच्या टाक्यांकडे बोट दाखवले आणि मान फिरवली.

दहावे झाले. संध्याकाळी त्याने धुतलेला सदरा मागितला. प्लास्टरमधला हात बाहीत जाईना; बायकोने बाही उसवून दिली. अंगणात मुंडण केलेला कल्पेश बसला होता.

"कुठे, मामा?"

"चौकीत. नावं सांगायचीत."

"कोनाकोनाची?"

"आधी तुझं."

कल्पेश उठला. मग त्याने भिंतीला टेकलेली सायकल काढली आणि खांद्यावरच्या टॉवेलने मागची सीट पुसली.

"बस. एका हाताने तुला चालवता येनार नाय."

वाटेत गोखिवऱ्याच्या चढावर कल्पेश खाली उतरला आणि सायकल ढकलू लागला. श्रीपतही उतरू लागला, तेव्हा कल्पेशने हातानेच त्याला बसून राहायला सांगितले.