तीन माणसांची गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. गोधडीचे आयुष्य मऊ बिछान्यावर जाते असे तुम्हाला वाटत असेल, तर माझी कहाणी जरा वेगळी आहे. विस्कॉन्सिनमधल्या मेपल क्रॉसिंग गावाबाहेर पाव मैलाचा एक डांबरी ट्रॅक आहे. उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी तिथे गाड्यांच्या शर्यती होतात. तिथल्या लाकडी बाकांसाठी मला शिवण्यात आले.

शिवणारी अर्डिस हुबनर. ती शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करायची. नवरा मर्लचे विटलेले निळे शर्ट, मुलगा कर्टच्या आखूड झालेल्या पँटी आणि स्वतःचा एक लाल झगा, एवढ्यांतून तिने मला उभे केले. माप मात्र तिघांना बाकावर बसवून घेतले. मधे अर्डिस, एका बाजूला मर्ल, दुसऱ्या बाजूला कर्ट.

आमच्या ट्रॅकची एक रीत आहे. शनिवारी दुपारी फाटक उघडले की लोक येतात, बाकावर आपापली गोधडी पसरतात, तिची चारही टोके चिकटपट्टीने फळीला चिकटवतात आणि खुशाल घरी जेवायला जातात. ती जागा त्यांची झाली. मग राजा आला तरी तो त्या गोधडीवर न बोलावता बसणार नाही. लहान मुलांनाही इथे आधी हेच शिकवतात. माझ्या वाट्याला ऊन आले, डास आले, सॉसेजवरची मोहरीची चटणी आली, पण परका माणूस कधी आला नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता! वेंडल नावाचा शेजारचा म्हातारा म्हणायचा, की अर्डिसची गोधडी म्हणजे सरकारी मोहोर आहे.

मग एका फेब्रुवारीत मर्ल गेला. मी तेव्हा गाडीच्या डिकीत, जादा चाकाखाली घडी होऊन पडले होते. हिवाळाभर मी तिथेच असते. एप्रिलमध्ये गाडीत मायलेकांचे जे बोलणे झाले, ते मी त्या अंधारातून ऐकले. कर्ट म्हणाला, "बाबा गेले, आता शर्यती पुरे झाल्या. त्या फळीवर एकटी बसून काय करणार आहेस?"

"एकटी कोण म्हणालं?" अर्डिस म्हणाली. "माझ्याकडे माणसं आहेत बसायला. कीव करायला तू यायची गरज नाही."

माणसे कुठली आली आहेत? रागाच्या भरात ती बोलून गेली. पण शब्द गेला तो गेला. कर्टने दार लावले आणि तो निघून गेला.

मे महिन्याच्या अखेरीस मोसमाचा पहिला शनिवार आला. अर्डिसने मला आणले आणि पूर्ण तिघांच्या मापाने पसरले. दुमडावे असे तिच्या मनातही आले नाही. वेंडलने कोण येणार म्हणून विचारले, तर म्हणाली, "येईल की. न यायला काय झालंय?" तेवढ्यावरून मला कळले, की उजवी बाजू कर्टसाठी होती. डावीकडे, मर्लच्या जागी, ती आपली पर्स ठेवायची आणि कोणी बघत नसेल तेव्हा तिथून हात फिरवायची.

आणि मित्रांनो, कर्ट आला होता. चौथ्या वळणावर, दिव्याच्या खांबाजवळ, जाळीला बोटे अडकवून तो उभा होता. गाड्या समोरून सुसाट जात होत्या आणि हा पठ्ठ्या मान वळवून आमच्या रांगेकडे बघत होता. अर्डिसच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुढची गाडी कोणाची हेसुद्धा तिला वेंडल सांगायचा. चौथे वळण म्हणजे तिच्यासाठी नुसते धुके. वेंडलला कर्ट दिसला होता, पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचे नाही हा इथला धर्म. त्याने टोपी पुढे ओढली आणि शेंगदाणे खाल्ले.

मी काय करणार? माझी चारही टोके फळीला जखडलेली. जून गेला. जुलैत आतषबाजी झाली, सगळे वर बघत होते आणि तो आमच्याकडे बघत होता. दर शनिवारी ती त्याच्यासाठी जागा धरी, आणि दर शनिवारी तो ती रिकामी जागा बघून घरी जाई. ऑगस्टमध्ये तर मला माझ्या पसरण्याचीच लाज वाटू लागली. आपण एवढ्या रुंद कशाला झालो?

सप्टेंबरात मोसमाचा शेवटचा शनिवार आला. त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. दिवस भरत आलेली एक मुलगी नवऱ्याचा हात धरून आमच्या रांगेपाशी आली. इथे कोणी येणार आहे का, असे तिने विचारले. अर्डिस म्हणाली, "हो, येतायत." मुलगी बिचारी पायरीवर टेकली. पहिली शर्यत झाली, दुसरी झाली, आता शेवटची तेवढी राहिली. मुलीने एका हाताने कंबर धरली होती. अर्डिस मला मुठीत घट्ट धरून बसली होती. मग तिने एकदम वाकून चिकटपट्ट्या टराटरा ओढल्या.

"ये पोरी, बस," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी धरली होती तो काही येत नाही आता."

तिने मला दुमडून एकटीपुरते केले, त्या दोघांना बसवले, चष्मा काढला आणि पुसत राहिली. जाळीपाशी कर्टने हे पाहिले. तो धावतच पायऱ्या चढून आला.

"काय झालं, आई? ही दोघं कोण? तुझी माणसं कुठायत?"

"कुठली माणसं?"

"ज्यांच्यासाठी एवढी पसरतेस ती. कधी आलेली दिसत नाहीत. मे महिन्यापासून बघतोय मी, त्या खांबाजवळून."

अर्डिसने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मे महिन्यापासून? मग वर का नाही आलास?"

"दुसऱ्यासाठी धरलेल्या जागेवर न बोलावता कसा बसू? तूच शिकवलंयस ना."

"आणि तू दुसरा कधीपासून झालास रे?"

ती मुलगी अवघडून उठू लागली. अर्डिसने तिला खांदा दाबून खाली बसवले. बाकावर आता वीतभर जागा नव्हती. कर्ट पायरीवर, आईच्या पायांशी बसला.

"पुढे कोण आहे?" थोड्या वेळाने तिने विचारले. वेंडलने तोंड उघडले आणि मिटले. कर्ट सांगू लागला.

चौदा शनिवार जागा होती तेव्हा माणूस जाळीपाशी, आणि माणूस आला तेव्हा उरल्या होत्या शेवटच्या शर्यतीच्या चाळीस फेऱ्या. म्हणजे दहा-बारा मिनिटे. माझी शिवण उसवली तर शिवता येईल, पण तो उन्हाळा कोण शिवणार?

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. कोणासाठी जागा धरली असेल, तर नुसती धरून बसू नका, त्याला हाक मारा. आम्हा गोधड्यांना हाक मारता येत नाही. आली असती, तर मी मे महिन्यातच मारली असती.