टोपी उचलून बसलेली आवडाबाई

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, पण मला बिचारी म्हणू नका. माणगावच्या बाजारात रामचंद्र फोटोवाल्याच्या स्टुडिओत माझी ऐट मोठी होती. देश स्वतंत्र झाला त्याच साली मी सागाच्या लाकडातून घडले. बैठकीला लाल मखमल होती, ती फोटोत काळीच दिसे.

भात झोडून झालं की गावात तंबूतला सिनेमा येई आणि दुसऱ्या दिवशी माझ्यावर बसायला हिरोंची झुंबड उडे. कोट स्टुडिओचा, काळा चष्मा स्टुडिओचा, तोरा मात्र आताच मोटारीतून उतरल्यासारखा! बायकांना मी वर्ज्य. नवऱ्यानं बसायचं, बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं. नवरा मुंबईला असला तर त्याची टोपी माझ्यावर ठेवत आणि बायको त्या टोपीशेजारी उभी राही. टोपीला बसायला जागा आणि माणसाला नाही, याचा मला भारी संताप येई.

एकदा आवडाबाई आली. नवरा येसाजी मुंबईला गिरणीत होता आणि घरची शेती ती एकटी ओढत होती. त्याला धाडायला फोटो हवा होता. धाकटा दीर कोंडाजी यानं भावाची टोपी माझ्यावर ठेवली. आवडाबाईनं ती उचलून मांडीवर घेतली आणि सरळ बसली.

"वयनी, उठा. दादा फोटू बघून तुमाला म्हायेरी धाडील," कोंडाजी म्हणाला.

"धाडू दे. काल सिनेमातली बाई खुर्चीत बसली तवा तुमी टाळ्या पिटल्यात, भावजी. मी वरीसभर चिखलात उभी हाय. आज बसणार."

रामचंद्र घुटमळला. हिला उठवलं तर माझे चारही पाय मोडोत, असं मी मनात म्हटलं. शेवटी त्यानं काळ्या कापडात डोकं घातलं.

फोटो मुंबईला गेला, पण येसाजीचं काहीच उत्तर येईना. वहिनीचा संसार बुडाला, असं कोंडाजी गावभर सांगत सुटला. एका बाजाराच्या दिवशी आवडाबाई स्टुडिओच्या दारात थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि तशीच गेली. मला फार वाईट वाटलं.

शिमग्याला येसाजी गावी आला आणि बायकोला घेऊन थेट स्टुडिओत शिरला. मागून कोंडाजीही आला. येसाजीनं डोक्यावरची टोपी काढून तिच्या हातात दिली.

"तू बस," तो म्हणाला. "मी हाय उभा."

आणि माझ्या पाठीवर पहिल्यांदाच एका नवऱ्याचा हात पडला.

आता मखमल उंदरांनी खाल्ली, एक पाय लंगडा झाला. येणारेजाणारे म्हणतात, जुनी वस्तू आहे, जपून ठेवा. मला जपूनबिपून ठेवू नका, मित्रांनो. पायाला एक खिळा मारा आणि खुशाल बसा. फक्त त्याआधी घरात दिवसभर कोण उभं आहे ते बघा आणि पहिल्यांदा तिला बसवा.